तिसऱ्या कॉम्प्युटरवरचा डोंगर

ऑफिसात तिला सगळे सुगरण म्हणायचे. त्याचा स्वयंपाकाशी काडीचा संबंध नव्हता. घरी तिचं दूध एक दिवसाआड उतू जायचं. पण बाकीचे तयार सॉफ्टवेअर आणून बटण दाबून मोकळे व्हायचे आणि हिच्याकडे मात्र मूळ सोर्स कोड यायचा, म्हणजे नुसतं धान्य. ते निवडायचं, दळायचं आणि ज्या त्या कॉम्प्युटरला सोसेल असं मळून उभं करायचं, हे तिचं काम. विंडोजचे नखरे वेगळे, लिनक्सचे वेगळे, मॅकचे आणखी वेगळे. एकाला गोड लागतं ते दुसऱ्याला पचत नाही. ‘तीन सुनांची सासू आहे मी,’ असं ती हसून सांगायची.

ऑफिसचं काम डोंगरावर नजर ठेवण्याचं. वस्तीमागच्या उतारात पुरलेली उपकरणं आकडे पाठवायची आणि उतार स्थिर आहे की सरकतोय, ते हा प्रोग्राम सांगायचा. त्याच उताराच्या पायथ्याशी तिच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. त्यामुळे हे काम तिला कधीच नुसत्या नोकरीसारखं करता आलं नाही.

त्या दिवशी प्रोग्रामची नवी आवृत्ती तिन्ही कॉम्प्युटरवर बांधून, म्हणजे कोडपासून उभी करून, झाली. एक साहेबांच्या केबिनमधला विंडोजवाला, एक हॉलमधला जुना लिनक्सवाला आणि एक नुकताच खोक्यातून काढलेला मॅक. तिघांना तिने सकाळचे तेच आकडे घातले. पहिला म्हणाला, उतार स्थिर. दुसराही म्हणाला, स्थिर. तिसरा म्हणाला, सरकतोय.

काहीतरी राहिलं असेल म्हणून तिने मॅकवरचं सगळं पुसून पहिल्यापासून बांधलं. शेजारच्या चहावर साय धरली. उत्तर तेच.

साहेब मनाने चांगले, पण दुधाने तोंड पोळलेले. मागच्या वर्षी त्यांच्या शब्दावर पायथ्याची घरं रिकामी केली होती. माणसं शाळेच्या बाकांवर झोपली आणि डोंगर काही हलला नाही. अजून भाजीवाला त्यांना वजन करता करता विचारायचा, “काय साहेब, आज डोंगर कसा आहे?”

त्यांनी तिन्ही उत्तरं पाहिली आणि चष्मा काढला. “दोघं एकीकडे, हा नवखा एकटा. नवख्याचंच काहीतरी चुकलंय. बघा ना जरा.” आवाजात हुकूम नव्हता, विनवणी होती. तिलाही मनातून तेच हवं होतं.

बांधणी चालू असताना पडद्यावरून ओळी सरसर जातात. काम फत्ते झालं की त्या कुणी वाचत नाही. तिने त्या वाचायला घेतल्या. या प्रोग्रामला हिशेबासाठी एक लायब्ररी लागते, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं गणिताचं तयार सामान. पहिल्या दोन कॉम्प्युटरवर लिहिलं होतं, सामान घरातच सापडलं. मॅकवर लिहिलं होतं, सापडलं नाही, सोबत आलेलं नवं वापरतो.

घरात सापडलेलं ते जुनं सामान कधीकाळी तिनेच दुसऱ्या कामासाठी टाकून ठेवलं होतं. प्रोग्रामने आयत्या पिठावर रेघोट्या मारल्या होत्या. दोघांचं एकमत होतं ते एवढ्यासाठीच.

खात्रीसाठी तिने जुनी लायब्ररी मॅकवरही टाकली आणि परत बांधलं. उतार स्थिर.

क्षणभर तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. एक फाईल बदलली आणि डोंगर थांबला. इतक्या सहज थांबणारा डोंगर तिला नको होता.

आता खरं कोण? सोर्ससोबत एक चाचणी येते. ती फार वेळ खाते, म्हणून प्रोग्राम उघडला की सगळे ती सोडून देतात; तीही सोडायची. चाचणीत दुसरीकडच्या एका उताराचे आकडे होते, तो कोसळण्याच्या आधीचे. तिने जुन्या लायब्ररीवर एक आणि नवीवर एक अशा दोन चाचण्या लावल्या आणि हात मांडीखाली दाबून बसली.

तेवढ्यात ताईचा फोन. नेहमीसारखा, जेवण आटोपल्यावरचा. मागचं दार लागत नाहीये, दाजींनी रंधा मारला तर पुन्हा अडायला लागलं, आता परत रंधा घेऊन बसलेत, भुसा मात्र मी काढायचा. हिची नजर पडद्यावर.

“मी म्हटलं त्यांना,” ताई हसत होती, “दार नाही हो, घरच वाकडं झालंय.”

पहिली चाचणी संपली. जुन्या लायब्ररीने बारीक हालचाल शून्य धरून सोडून दिली होती. कोसळलेल्या त्या डोंगरालाही ती म्हणत होती, स्थिर. पाठोपाठ दुसरी संपली; नवी म्हणाली, सरकतोय.

“ताई, दाजींना रंधा खाली ठेवायला सांग. सासूबाईंना घे आणि चौकाच्या पलीकडे निघा. आत्ता.”

“परत? अगं, मागच्या वेळेस लोकांनी किती...”

“हो, परत. मला शिव्या दे, पण चालता चालता दे.”

मागे साहेब उभे होते. दोन्ही निकाल त्यांनी वाचले होते. “उद्या हसले तर?” ते हळूच म्हणाले.

“हसू देत, साहेब. हसायला असू देत सगळे.”

ते खुर्चीत बसले आणि पायथ्याची घरं रिकामी करायला सांगण्यासाठी नंबर फिरवू लागले. तिने ताईचा फोन चालूच ठेवला. किल्ल्यांचा आवाज, सासूबाईंचं कुरकुरणं. दार तरी लावू दे म्हणणारे दाजी, आणि ताई त्यांच्यावर करवादली, लागत नाही ते, चला. मग नुसती पावलं, धाप आणि गाड्यांचे हॉर्न. नवी लायब्ररी परत घातलेल्या मॅकवर सरकण्याचे ताजे आकडे येत होते आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा होता.

“आलो चौकात,” ताई म्हणाली. मग जरा थांबून, “वळून बघितलं मी. डोंगर तर तिथंच आहे गं.”

“असू दे,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “तुम्ही मागे फिरू नका.”