विषय काढेल त्याचं काम

रविवार, श्रावणाचा पहिला आठवडा, सकाळ. स्थळ: मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मीटर बॉक्सपुढची मोकळी जागा. हजर: अध्यक्ष (निवृत्त बँक अधिकारी, दुसरा मजला), खजिनदार (मूळचे मालवणकडचे, तिसरा मजला), चौथ्या मजल्यावरच्या बाई, आणि मी, सचिव, पहिला मजला. बाकीचे सभासद गैरहजर. त्यांतले काही खिडकीतून हजर. शिवाय प्लॅस्टिकच्या स्टुलावर उताणा ठेवलेला एक फोन, रेकॉर्डिंग चालू.

फोनला कमिटीत आणणारी मी. त्याआधी मीटिंगचं इतिवृत्त मी हाताने लिहायचे आणि ते फार सोपं काम होतं, कारण आमच्या सोसायटीत कुठल्याही विषयाला एकच वाक्य पुरतं: ‘सविस्तर चर्चा झाली.’ टाकीला गळती, सविस्तर चर्चा झाली. गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या, सविस्तर चर्चा झाली. टाकी अजून गळते, गाद्या अजून गच्चीवर आहेत, पण चर्चेत आम्ही कधी कमी पडलो नाही.

मग ऑफिसात आम्हाला एक ट्रेनिंग दिलं गेलं. एक ओळ कोड न लिहिता कामं आपोआप कशी करून घ्यायची, हा विषय. स्क्रीनवर चौकोन ओढायचे, एकमेकांना बाणांनी जोडायचे, की झालं. इतर लोक जेवणाची वाट पाहत होते. मी मात्र यादी करत होते. घरी आल्यावर त्याच आठवड्यात मी सोसायटीसाठी साखळी उभी केली. फोनवरचं रेकॉर्डिंग एका फोल्डरमध्ये पडायचं. तिथून ते बोलणं ऐकून लिहून काढणाऱ्या सेवेकडे जायचं. लिहिलेल्या मजकुरातून कामं वेगळी निघायची आणि क्लाउडवरच्या तक्त्यात एकेका ओळीत जाऊन बसायची. तीन रकाने: काम, कोणाकडे, स्थिती. ज्याचं काम बाकी, त्याला रोज सकाळी एक मेसेज. कोण बोलतंय ते कळावं म्हणून प्रत्येकाने बोलण्याआधी आपला फ्लॅट नंबर सांगायचा.

“तुरुंगात हजेरी घेतत तशी,” खजिनदार म्हणाले. “आणि ह्या यंत्राक आमचा बोलणा कळतला काय गो?”

“कळेल. तुम्ही एकेकाने बोलायचं फक्त.”

“म्हणजे नाय कळाचा,” ते म्हणाले आणि निवांत झाले.

यंत्राला सगळं कळलं. अडचण वेगळीच निघाली. पहिल्या चाचणीत कामं भरपूर आली, पण ‘कोणाकडे’ हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. यंत्राची चूक नव्हती. आमच्या कमिटीत आजतागायत कोणी कुठलंही काम स्वतःच्या नावावर घेतलेलं नाही. कामं ‘सोसायटी करेल’. सोसायटी कोणत्या मजल्यावर राहते ते कोणाला विचारायचं धाडस झालेलं नाही. पण मेसेज पाठवायला नाव लागतं. नाव कोरं, की साखळी तिथेच अडायची आणि मला लाल रंगाचा इशारा यायचा. आठवडाभर माझा फोन लाल होता.

तोडगा अध्यक्षांनी काढला. “सोपं आहे हो. काम कोणीच घेतलं नाही, तर जो विषय काढेल त्याचं. उगाच उठसूट तक्रारी करायची खोड तरी मोडेल लोकांची.”

मला ते इतकं नेटकं वाटलं की मी त्यांच्यासमोरच आणखी एक चौकोन टाकला आणि बाण जोडला. लाल इशारे बंद. मी खूश, अध्यक्ष माझ्याहून खूश.

तर श्रावणातल्या त्या रविवारी विषय काढला चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी. बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. बाकी सगळं सावरलं, डाव्या हातात जोर राहिला नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याला रेलिंग आहे ते एकाच बाजूला, आतल्या. उतरताना ते उजव्या हाताला येतं, चढताना डाव्या. म्हणजे बाई स्वतः खाली येऊ शकतात, पण वर जाऊ शकत नाहीत. भाजीला उतरायचं तर कोणीतरी वर ओढून न्यायला हवं, म्हणून त्यांनी उतरणंच सोडलं होतं. त्या दिवशी मात्र मुद्दाम मीटिंगसाठी उतरल्या होत्या.

“भिंतीच्या बाजूने एक पाइप लावा,” त्यांनी आधी फ्लॅट नंबर स्पष्ट सांगून म्हटलं. “नुसता पाइप. मला माझी मेथी माझ्या हाताने निवडून आणायची आहे. शेजारचे आणून देतात ती मी गुपचूप खाते, पण ती मेथी नसते.”

“बाई, रिडेव्हलपमेंट होणार आहे,” अध्यक्ष म्हणाले. “पाडायच्या बिल्डिंगला पाइप कशाला?”

“कधी होणार आहे?”

“होणार आहे ना!”

“तुम्ही हे सांगत होतात तेव्हा माझे दोन्ही हात चालत होते.”

खिडकीतून कोणीतरी हसलं. खजिनदार म्हणाले, “बघूया मगे.” अध्यक्ष म्हणाले, “सोसायटी करेल.” मी फोन उचलून रेकॉर्डिंग बंद केलं. सगळ्यांनी खुर्च्या जिथल्या तिथे सोडल्या, कारण खुर्च्याही सोसायटीच उचलते.

तक्ता मी गुरुवारी बघते. माझ्या वेळापत्रकात तो गुरुवारी आहे. सोमवारी त्यात एक ओळ जाऊन बसली होती: ‘जिन्याला भिंतीच्या बाजूने रेलिंग बसवणे. कोणाकडे: चौथा मजला, बाई. स्थिती: बाकी.’ मी वाट पाहत राहिले गुरुवारची, आणि साखळीने वाट पाहिली नाही.

बुधवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बाई बसलेल्या मला खालूनच दिसल्या. भिंतीला टेकून. मांडीवर पर्स, शेजारी छत्री, चेहरा घामाने भिजलेला.

“बाई! काय झालं? पडलात का?”

“नाही गं. पायरीपायरीला बसत इथवर आले, दम खाते आहे. वेल्डिंगवाल्याकडे गेले होते, स्टेशनच्या मागे. तो येऊन माप घेईल म्हणाला.”

“तुम्ही कशाला गेलात?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्गात उभी आहे असं मला वाटलं. “तुमचा निरोप आला ना. काम तुमच्याकडे, स्थिती बाकी. सोमवारी आला, मी लगेच ‘हो, करते’ म्हणून उत्तर पाठवलं. तरी मंगळवारी परत. आज सकाळी परत. मला वाटलं, उशीर होतोय म्हणून कमिटी रागावली.”

चाळीस वर्षं त्यांनी वरून आलेली परिपत्रकं पाळली होती. आता वरून काही आलं की त्या उठतात. आमच्या कमिटीच्या इतिहासात एखाद्या निरोपाला कोणी उठून उत्तर दिल्याचं हे पहिलंच उदाहरण, आणि ते नेमकं त्या व्यक्तीने दिलं जिला जिना चढता येत नाही.

मी त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि आम्ही वर निघालो. प्रत्येक मजल्यावर थांबलो. दुसऱ्यावर अध्यक्षांच्या दाराआडून टीव्हीवरची चर्चा ऐकू येत होती. अर्थातच सविस्तर.

“तुझं ते यंत्र चांगलं आहे हं,” बाई वर पोचल्यावर म्हणाल्या. “निदान विचारतं तरी रोज.”

त्या रात्री जेवायच्या आधीच मी तो चौकोन उडवला. त्याच्या जागी दुसरा नियम घातला: नाव कोरं असेल तर काम कमिटीच्या तिघांना पाळीपाळीने. बाईंचं काम पहिल्या पाळीला अध्यक्षांकडे गेलं. सकाळी त्यांचा फोन आला.

“अहो, हे काय? मला मेसेज आलाय.”

“हो.”

“मी ‘बघू’ म्हणून उत्तर दिलं.”

“मग उद्या पुन्हा येईल. ‘झालं’ म्हटल्याशिवाय ते थांबत नाही.”

“असं कसं? कुठेतरी बंद करता येत असेल.”

“शोधते आहे,” मी म्हटलं. मी शोधत नव्हते.

माणसाला ‘बघू’ म्हटलं की तो ओशाळून निघून जातो. यंत्राला ओशाळता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. आठवडाभर सकाळी चहाबरोबर तोच मेसेज गिळल्यावर अध्यक्षांना अचानक आठवलं की अशा किरकोळ कामाला सर्वसाधारण सभा लागत नाही. वेल्डिंगवाला आला, माप घेऊन गेला, पाइप घेऊन आला. भिंतीला भोकं पडली, सगळ्या जिन्यावर सिमेंटची भुकटी उडाली, आणि ‘विचारल्याशिवाय भोकं कशी पाडली’ अशी तक्रार करायला खिडकीतले सभासद पहिल्यांदाच जिन्यात आले.

रेलिंग तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत लागलं. तिथे वेल्डिंगवाला थांबला. चौथ्या मजल्याकडे जाणाऱ्या पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे, बरोबर भिंतीला चिकटून, खजिनदारांचं चपलांचं कपाट आहे. तीन फळ्यांचं, वर तुळशीचं प्लॅस्टिकचं रोप. ते हलवल्याशिवाय भिंतीत खिळा जात नाही.

“हलवूचा खय?” खजिनदार म्हणाले. “घरात जागा आसा काय?”

“काका, जिना सगळ्यांचा आहे.”

“कपाटय सगळ्यांचाच गो. तुझ्या सुनेचे सॅंडल एकदा ठेवलेले ना मी?”

मला सून नाही. पण मुद्दा तो नव्हता.

बाई आता आठवड्यातून दोनदा स्वतः खाली जातात. मेथीची जुडी निवडतात, भाजीवाल्याला दोन शब्द सुनावतात आणि पिशवी खांद्याला अडकवून, उजव्या हाताने नव्या पाइपला धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत कोणाच्याही मदतीशिवाय येतात. तिथे कपाटापाशी थांबतात. पिशवी तुळशीशेजारी ठेवतात आणि हाक मारतात, “या गं कुणीतरी.” मग आमच्यापैकी जी घरात असेल ती धावते.

कपाटाचं काम मी रीतसर मीटिंगमध्ये बोलून तक्त्यात घातलं. नेहमीप्रमाणे ते कोणीच घेतलं नाही आणि पाळीने ते खजिनदारांकडेच गेलं. त्यांना रोज सकाळी मेसेज जातो, ते रोज न चुकता ‘बघूया’ म्हणून उत्तर देतात, आणि तक्ता ते नीट नोंदवून ठेवतो.

चपलांचं कपाट हलवणे: बाकी.
तिसरा ते चौथा मजला, भिंतीकडचं रेलिंग: बाकी.