डेन्मार्कचा दगड

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच मान्य करते. आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात गेलं. इतरांच्या श्लोकांचा अन्वय लावला, पण साठी उलटेपर्यंत स्वतःचं म्हणून एक पानही लिहिलं नाही. एका दगडाविषयी कुणाशी तरी बोलायचं आहे आणि घरात ते बोलता येत नाही, म्हणून हे धाडस. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मुलगा जर्मनीत वाल्डॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी आलो होतो. हे साताऱ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत असत.

"कुठे जाऊ या, बाबा? पॅरिस? स्वित्झर्लंड?" मुलाने विचारलं, तेव्हा ह्यांनी जराही न थांबता डेन्मार्कमधल्या स्टेव्हन्स क्लिंट नावाच्या कड्याचं नाव घेतलं. सुनेने फोनवर नकाशा उघडला.

"बाबा, तिथे काहीच नाहीये. एक चर्च, एक कडा आणि समुद्र."

"तेच बघायचंय," हे म्हणाले.

मुलाने हौसेने नेलं. जर्मनी पार वरपर्यंत ओलांडून, गाडी बोटीत घालून आम्ही पलीकडे उतरलो. कड्याच्या अगदी टोकावर ते जुनं दगडी चर्च आहे. समुद्राने कड्याचा पायथा खात आणला आणि एके दिवशी चर्चचा वेदीकडचा भाग खाली कोसळला. उरलेलं चर्च तसंच उभं आहे. वेदीच्या जागी आता सज्जा केलेला आहे, तिथून थेट खालचं पाणी दिसतं. दर नाताळच्या रात्री हे चर्च कोंबड्याच्या एका पावलाएवढं मागे सरकतं, अशी तिथली लोककथा आहे.

"मग पडलं कसं?" मी विचारलं.

"समुद्राचं पाऊल मोठं असणार," हे म्हणाले आणि स्वतःच हसले.

खाली उतरायला लोखंडी जिना आहे. मुलगा पार्किंगच्या यंत्रापाशी थांबला होता, तिथूनच ओरडला, "बाबा, जपून! आणि खाली लेक्चर सुरू करू नका, तासाभराचंच तिकीट काढलंय!" सून त्याच्यासोबत वरच थांबली. आम्ही दोघंच उतरलो.

खडूसारखा पांढरा कडा डोळे दिपवत होता. त्या पांढऱ्यामध्ये एक बारीक काळसर रेघ आडवी गेली होती. पाटीवर लिहिलं होतं, की कड्याला हात लावू नये, किनाऱ्यावरचे सुटे दगड मात्र उचलले तरी चालतील. ह्यांनी रेघेपासून वीतभर अंतरावर बोट धरलं आणि ते रेघेबरोबर हळूहळू पुढे नेलं. वर्गात फळ्यावर ही रेघ त्यांनी आयुष्यभर काढली होती.

"ह्या रेघेच्या खाली डायनोसॉर आहेत, वर नाहीत," ते म्हणाले. "आणि हिचा गाळ इथे बसत होता ना, त्याच सुमाराला आपल्याकडे सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता. म्हणजे आपलं आणि ह्यांचं जुनं नातं आहे बघ. सगळी नोकरी काळ्या दगडावर झाली, निवृत्तीनंतर हा पांढरा भेटला."

"केसांसारखंच झालं की तुमच्या," मी म्हटलं.

मग ते वाकले. बराच वेळ दगड उलटेपालटे करून त्यांनी एक उचलला, रुमालाने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. चकमकीचा दगड होता, बटाट्याएवढा, वरून खडूने पांढराशुभ्र.

"एवढ्या वर्षांत दागिना काही दिला नाहीत, आणि आता दगड देताय?"

"कुठल्याही दागिन्यापेक्षा जुना आहे. ठेव."

वाल्डॉर्फला परतल्यावर तो दगड माझा असूनही त्यांच्याच हातात असे. फोनवर बोलताना, बातम्या ऐकताना ते त्यावर अंगठा फिरवत बसत. हळूहळू खडूचा थर झिजला आणि आतून काळाभोर, गुळगुळीत दगड निघाला. अंगठा टेकतो तिथे एक खोलगट जागा होती. पुढे खिडकीतली तुळस कलायला लागली, म्हणून ह्यांनी तो तिच्या कुंडीत मुळाशी टेकून ठेवला. मुलाचं घरी असणं म्हणजे तेव्हा कानाला हेडफोन आणि तोंडाने ऑफिसच्या लोकांशी जर्मनमधलं "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. त्या दगडाने रंग बदलल्याचं त्याला कुठून कळणार?

परतीचं विमान जवळ आलं होतं. एका सकाळी नाश्ता करून हे जरा पडतो म्हणाले आणि पुन्हा उठले नाहीत.

इथल्या पद्धतीने सगळं होईपर्यंत आठवडा गेला. साताऱ्याचे गुरुजी फोनवरून सांगत होते. शवदाहगृहात मडकं फोडायला परवानगी नव्हती. "नसू दे," गुरुजी म्हणाले, "पाण्याच्या भांड्याला दगड टेकवा, तेवढं पुरे. पण दगड घरून न्या. तोच जीवखडा. दहा दिवस त्याच्यावर तिलांजली द्यायची आणि दहाव्याला नदीत सोडायचा."

मुलाने घरभर नजर फिरवली. खाली आवारात कातरलेली हिरवळ आणि फरशी, दगड कुठून मिळणार? सून दाराशी उभी होती. "अरे, चल आता, टेर्मीन अकराचा आहे, दिलेली वेळ चुकायला नको." तो खिडकीपाशी गेला, कुंडीत हात घातला आणि ह्यांचा दगड उचलून पांढऱ्या रुमालात बांधला.

मी समोरच बसले होते. तोंड उघडलंही होतं. पण गुरुजी फोनवर ताटकळत होते, मुलगा रुमालाची गाठ आवळत होता, आणि माणूस गेलेला असताना बाई दगड मागते आहे, हे मलाच कसंसं वाटलं. मी पदर सावरला आणि उठले.

एकदा मंत्र म्हटले गेले की तो दगड घरात ठेवायचा नसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. दहा दिवस तो कोपऱ्यात स्टीलच्या वाटीत होता. मुलगा रोज अंघोळ करून त्याच्यावर तीळ-पाणी सोडत असे, आणि सोडताना ओठांतल्या ओठांत बाबांशी काहीतरी बोलत असे. इतक्या जवळून पाहूनही त्याने दगड ओळखला नाही. त्याला तिथे वडील दिसत होते.

दहाव्या दिवशी आम्ही हायडेलबर्गला नेकार नदीवर गेलो. "आई, तुला हात लावायचाय?" त्याने विचारलं. मी दगड हातात घेतला. अंगठा आपोआप त्या खोलगट जागी गेला. ठेव, म्हणाले होते. मी तो मुलाच्या ओंजळीत परत दिला. त्याने काठाशी वाकून, पाण्याला धक्का लागू नये इतक्या हळुवारपणे, तो सोडला. उथळ पाण्यात थोडा वेळ काळा ठिपका दिसला, मग एक बोट गेली आणि लाटेने पाणी गढूळ केलं.

यंदा पुन्हा इथे आले आहे. वर्षश्राद्ध झालं. त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, बाबांचा तो डेन्मार्कचा दगड कुठे गं? ऑफिसात टेबलावर ठेवावा म्हणतो. मला त्यांची तेवढी एकच वस्तू हवी आहे."

"बघते," मी म्हटलं.

तेव्हापासून तो शोधतो आहे. आधी माझ्या खोलीतली कपाटं झाली, आता दर रविवारी खाली केलरमधली, म्हणजे तळघरातली, खोकी उघडतो. मध्येच वर येऊन विचारतो, "पांढराच होता ना गं? बटाट्याएवढा?"

"हो," मी म्हणते. "तुम्ही दिलात तेव्हा पांढरा होता, असं बाबांना म्हणायचे मी," असलं काहीतरी पुटपुटते आणि पोळ्या लाटायला लागते.

सांगावं, तर आपल्याच हातांनी तो दगड आपण नदीत सोडला, हे त्याला आयुष्यभर पुरेल. त्या दहा दिवसांत त्याला वडिलांना निरोप देता आला, एवढंच समाधान त्याच्यापाशी आहे, आणि त्यालाच मी धक्का लावणार. न सांगावं, तर तो शोधत राहणार, आणि एक दिवस आईने हरवला असं समजून मोठ्या मनाने गप्प बसणार. माझं परतीचं विमान पुढच्या आठवड्यात आहे. हे लिहितानाही खालून खोकी सरकवल्याचा आवाज येतो आहे.

तुम्ही माझ्या जागी असता, तर त्याला सांगितलं असतं का?