कोंबड्यांखाली गेलेला ट्रे

गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात सकाळी फिरायला निघणाऱ्यांची एक टोळी आहे आणि मी तिच्यात आहे, हे आधीच कबूल करतो. पांढरे बूट, पोटावर ताणलेले टी-शर्ट आणि तोंडात सतत प्रोटीन. चालणं कमी, बडबड जास्त. टोळीचं एका गोष्टीवर एकमत होतं: दुकानातलं ट्रेचं अंडं म्हणजे नुसतं इंजेक्शन, खायचं तर गावरानच. मी तर शाळेत सकस आहाराचा धडा शिकवणारा मास्तर. माझ्या शहाणपणाला ऊत आला होता.

गावरान अंड्यांची माझी सोय घरचीच होती. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आमचं गाव, तिथे आईच्या चार कोंबड्या. दर पंधरा दिवसांनी मी गाडीवर जायचो, तिने तांदळाच्या डब्यात जपून ठेवलेली अंडी घेऊन यायचो आणि टोळीत मिरवायचो. त्या अंड्यांवर आणखी कोणाचा हक्क असेल, असं एकदाही मनात आलं नाही.

मग बाबांना टीबी झाला. त्यांनी जन्मभर जंगलात मजुरी केली, तेव्हा अंगावर मांस फारसं नव्हतंच. होतं तेही गेलं. डॉक्टर म्हणाले, औषध चुकवू नका, रोज दोन अंडी खाऊ घाला, वजन वाढलंच पाहिजे. मी आज्ञाधारक मुलगा. गोंदियातून तीस अंड्यांचा ट्रे घेतला, गाडीला बांधला आणि खड्डे चुकवत गावी नेला. होय, तोच इंजेक्शनवाला ट्रे. मला चालत नव्हता, बापाला चालत होता. आजारी माणसाला संख्या महत्त्वाची, असा शोध मी वाटेतच लावला होता. ओसरीवर बसून आईला लांबलचक भाषण दिलं: रोज दोन, उकडून, खंड नको. ती म्हणाली, "हो बाबू." तिला समजलं असं मी धरून चाललो.

पुढे शाळेच्या कामात अडकलो आणि तीन आठवड्यांनी गेलो. दवाखान्यातल्या काट्यावर बाबांचं वजन आणखी उतरलं होतं. बनियनमधून बरगड्या दिसत होत्या. अंडी संपली का, म्हणून विचारलं, तर आई हसली आणि मोठ्या अभिमानाने मला मागच्या सांदीत घेऊन गेली. टोपल्यात उबवायला आलेली खुडूक कोंबडी बसली होती, तिच्या पोटाखाली दहा-बारा पांढरीफटक अंडी. उरलेली शेजारच्या दोन घरच्या खुडूक कोंबड्यांखाली.

"खाऊन टाकले त का उरते बाबू?" आई म्हणाली. "पिल्ले निंगतीन, मोठे होतीन. तुया बापाले वर्षभर पुरतीन."

तीन घरं तीन आठवडे पिल्लांची वाट पाहत होती! मला हसू फुटलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. मी एक अंडं उचलून कानाशी हलवलं, आत डचमळलं. उकिरड्यावर आपटलं, तर अशी घाण सुटली की शेजारीण नाकाला पदर लावून बाहेर आली.

"पोल्ट्रीत कोंबडाच नसते माय!" मी ओरडलो. "हे अंडे जन्मात फुटत नाही! कायले अडाण्यासारखी करून राहिली? बाबा मरन अशानं!"

शेजारणीच्या देखत, शिकलेला मुलगा आईला हे बोलला. आईची नजर कोंबडीवरच होती.

"घरचे अंडे असते त तेच बसवले असते," ती म्हणाली. "पण ते त तू नेऊन राहिला."

"मंग घरचे अंडे बाबाले काऊन नाही दिले?"

"तुले ट्रेचे चालत नाही ना, बाबू."

तिने टोमणा मारला असता तर मला उलट भांडता आलं असतं. पण आवाजात टोमणा नव्हताच. अडाणी म्हणून हिणवायला आता त्या सांदीत एकच माणूस उरला होता, आणि तो मास्तर होता. मला माझी किळस आली.

मी घरात जाऊन तांदळाचा डबा उघडला. "ते तुये होत, नेजो," आई म्हणाली. मी ऐकलं नाही. चार अंडी उकडली, सोलली, मीठ लावून बाबांपुढे ठेवली. त्यांनी एक सावकाश चावून खाल्लं. दुसरं उचलून पुढे धरलं.

"हे इले दे," ते आईकडे मान करून म्हणाले. "मले दवाखान्यात काट्यावर उभं करतेत. इले कोण उभं करते?"

मी आईकडे पाहिलं. तिने नको म्हणून हात वर केला, तेव्हा बांगड्या घसरून थेट कोपरापर्यंत गेल्या.

"मले कायले?" ती म्हणाली. बाबांनी हात मागे घेतला नाही. शेवटी तिने ते अंडं घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून, कोणी हिसकावून घेईल अशा घाईने खाल्लं. माझी चाळिशी उलटली आहे, आणि आईला अंडं खाताना मी पहिल्यांदा पाहत होतो.