दुसऱ्यांच्या आया होऊन बसलेली आई

आमच्या अण्णांकडं माणसं यायची ती बहुतेक घरातलं कुणी गेल्यावर. मस्तगडातल्या घराच्या पुढच्या खोलीत अण्णा, म्हणजे माझे वडील, गेलेल्या माणसांची चित्रं काढायचे, तैलरंगात, भिंतीवर लावून हार घालता येईल अशी. फोटो असला तर सोपं. पण खेड्यातल्या जुन्या बायांचा फोटो नसायचाच; असला तर कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीत, पदर नाकापर्यंत ओढलेला. मग लेक सांगायचा, "कपाळ रुंद व्हतं, हनुवटी जराशी पुढं," आणि अण्णा आईला हाक मारायचे.

आई हातातलं पीठ झटकत यायची. आधी विचारायची, बाई कशी होती? कडक होती म्हटलं की ओठ घट्ट मिटून बसायची. सोशिक म्हटलं की खांदे पाडायची. तिच्या जिवावर अंबड तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवर कुणाच्या आया, कुणाच्या आज्या लागल्या. गरज पडली की आम्हीही बसायचो. माझे कान बरेच खपले. अंतरवाली सराटीत एका घरी चहाला गेलो, तर भिंतीवरचे पैलवान आजोबा माझे कान लावून बसलेले. त्यांना ते माझ्यापेक्षा शोभत होते.

चित्रकलेशी माझा संबंध एवढाच. मला साधी सरळ रेघ येत नाही. दिवसभर एमआयडीसीत बियाण्याची पोती आणि घरी आलो की बडबड.

मागच्या दिवाळीनंतर आई गेली. वर्षश्राद्धाला तिचं चित्र हवं आणि ते अण्णांनीच काढायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. त्यांनी कॅनव्हास ताणला, आणि जमेना. सकाळी चेहरा उभा करायचे, दुपारी टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसून टाकायचे.

"काय झालं, अण्णा?"

"ही परतूरची पाटलीण झाली." दुसऱ्या दिवशी, "ही तर त्या गुत्तेदाराची माय." त्या दोघींच्या चित्रांना आईच बसली होती.

मी मोबाइलवरचा फोटो पुढं केला, भाच्याच्या लग्नातला. त्यांनी चष्मा वर करून बघितला. "फोटोवाल्यानं सांगितलं म्हणून हसली ती."

"मंग फ्लेक्स छापून आणू का?"

"आण. संगं तुझाबी छाप."

दिवस जवळ आले तशी मावशी आली. तोंडावळा आईचाच, म्हणून अण्णांनी तिला समोर बसवलं. मावशीला गप्प बसणं माहीत नाही.

"दाजी, माझ्याकडं काय बघून राह्यले? ताई अशी बसायची का?"

"माझ्यासमोरच बसायची की. जन्म गेला."

"ती दुसऱ्याची माय होऊन बसायची. तुमी रंगवून राह्यले की मागं दारात उभी राहून बघायची, ती आमची ताई."

अण्णांचा ब्रश हातातच राहिला. "मागं उभी राहायची?"

"ह्याला इचारा," मावशीनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं रोज बघितलंय."

खरं होतं. ती दारात यायची, त्यांनी मान वळवली की आत जायची. घरात अण्णा सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मग मावशीच्या जागी मला बसवलं. तोंड नको होतं, बोलणं हवं होतं. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, तेव्हा मी लगेच पाल्हाळ लावला.

"गोष्ट नको. मान कुठं व्हती ते सांग."

"डावीकडं. चौकटीला टेकलेली."

"ओठ?"

"जरासे उघडे. तुमचा ब्रश थांबला की तिचा श्वास थांबायचा."

"कंटाळलेली दिसायची?"

"न्हाई, अण्णा. बिलकुल न्हाई."

असं आठवडाभर चाललं. मी बोलायचो, ते काढायचे, पुसायचे, पुन्हा विचारायचे. डोळे शेवटी राहिले.

"कुठं बघायची?"

"तुमच्या हाताकडं," मी म्हणालो. "तुम्ही थांबले की तुमच्याकडं."

अण्णा उठले आणि ब्रश धुवायला मोरीत गेले. ब्रश धुतलेलाच होता. बराच वेळ नळ चालू राहिला.

श्राद्धाच्या दिवशी चित्र भिंतीवर लागलं. जेवण झाल्यावर शेजारचे काका सुपारी कातरत समोर उभे राहिले. एकदा जवळून बघितलं, एकदा लांबून.

"रंग बराबर बसलाय," ते म्हणाले, "पण वहिनी अशा कुठं दिसायच्या?"

अण्णा हार सरळ करत होते.

"मलाबी न्हाई दिसली कधी," ते म्हणाले.