उखाण्यातली नदी

टाळ्यांच्या हव्यासापायी मी एकदा एका बाईचा संसार मोडला. वय लहान होतं माझं, अवघं साठ! अक्कलदाढ पडून गेली होती, अक्कल तेवढी यायची होती. आमच्या सोनाळा गावात कुणाकडेही हळदीकुंकू असलं की उखाणे जुळवून द्यायला मला बोलावणं यायचं, आणि मी पदर खोचून सगळ्यांच्या पुढे बसायची.

ती कलकत्तेवाली. नाव गावानंच पाडलेलं. चाळिशीपर्यंत लग्न न जमलेल्या, आमच्या शेजारच्या प्रकाशनं तिला कुण्या मध्यस्थामार्फत लग्न करून आणलं होतं. माझ्या पोरीच्या वयाची, पण मला दीदी म्हणायची. मी कशाला हरकत घेते! पहिल्याच उन्हाळ्यात मी तिला मोठ्या ऐटीत आमची वान नदी दाखवायला नेलं. वाळूतली ती धार बघून म्हणाली, "हे नदी हाय, दीदी? आमच्याकडे एवढं पाणी तं म्हशीच्या अंगावरून गळते."

भोपळ्याच्या वेलाचे शेंडे, दुधीची सालं, आम्ही उकिरड्यावर टाकायचो ते सगळं ती मोहरी वाटून शिजवायची. "फेकता काऊन, दीदी? पोटाले कोठी समजते हे साल हाय म्हून?" गल्लीतल्या बायका रिकाम्या वाट्या घेऊन तिच्या दारात उभ्या असायच्या.

एकदा अशीच सालं चिरताना तिनं मला सांगितलं. कलकत्ता तिनं गाडीच्या खिडकीतून पाहिला तेवढाच. घर खुलन्याकडचं, सीमेपलीकडचं, बांगलादेशातलं. मामीचा हात धरून होडीतून नदी ओलांडली, तेव्हा सतरा वर्षांची होती. कागद एकही नाही. "कोणाले सांगू नका, दीदी. मुन्नी हाय माझी." मुन्नी म्हणजे तिची सहा वर्षांची लेक. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिचा उखाणा जुळवताना ती शपथ विसरले. विसरले कसली, 'खुलना' हा शब्द मला उखाण्यात फार गोड वाटला! ती कचरली तर मीच म्हटलं, "अवं, इथं कोणाले माहीत हाय खुलना कोठी हाय ते? म्हण बिनधास्त." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या भरवशावर म्हटलं,

"खुलन्याची लेक मी, आले नदी ओलांडून,
प्रकाशरावांचा संसार करते, रोज थोडं भांडून."

काय टाळ्या पडल्या! कुणाच्या तरी सुनेनं ते मोबाइलवर टिपलं. आठवड्यात तालुकाभर फिरलं, खाली 'बांगलादेशी, हाकला' असं लिहून. तिच्या हातचं वाट्या भरभरून नेलेल्या बायका म्हणू लागल्या, "मले तं पहिल्या दिवसापासूनच शंका होती." कुणी म्हणालं, हेर असेल. दुधीची सालं शिजवणारी हेर!

पोलिस तिला घेऊन गेले तशी मी ठाण्यात जाऊन बसले. "साहेब, उखाणा माझा. खुलना मीच घुसवलं." साहेबांनी तिचा जन्माचा दाखला मागितला. म्हटलं, माझा तरी कुठे आहे? शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून लिहिला, त्याच्यावरच आजवर चाललंय. ते हसले. "आजी, तुम्ही इथल्याच आहात. घरी जा."

महिन्याभरानं तिला सीमेकडे रवाना करायचं ठरलं. मुन्नी इथं जन्मलेली, ती बापापाशी राहणार होती. ठाण्याच्या आवारात प्रकाश तिला कडेवर घेऊन उभा होता. एवढी मोठी पोर, पण त्यानं खाली सोडली नाही. मी डब्यात भोपळ्याच्या शेंड्यांची भाजी नेली होती. तो धरून मी फाटकापाशीच उभी राहिले. गाडीत चढायच्या आधी तीच माझ्याजवळ आली, डबा घेतला आणि म्हणाली,

"दीदी, उखाणा लय चांगला होता. मुन्नीच्या लग्नात तिलेबी एक करून देजा. फक्त त्याच्यात नदी घालू नका."