पुस्तकातली पाठमोरी

बंगळुरात, बनशंकरीतल्या घराच्या तळमजल्यावर वसुमतीबाईंनी मुलांसाठी एक खोली मोकळी केली होती. सतरंजी, पाण्याचा माठ, आणि भिंतीला लागून चित्रांच्या पुस्तकांनी भरलेली दोन कपाटं. शनिवारी दुपारी चारला आसपासची मुलं यायची. वसुमतीबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. उभा जन्म दुसऱ्यांचे आवाज एकमेकांना जोडून देण्यात गेला. म्हणून की काय, त्या मुलांना गोष्ट वाचून दाखवत नसत. नुसती चित्रं असलेली, अक्षर नसलेली पुस्तकं त्यांना फार आवडत. पान उघडायचं, मुलांसमोर धरायचं आणि विचारायचं, "सांगा, काय चाललंय इथं?" मग कुणी कानडीत, कुणी हिंदीत, कुणी घरच्या मराठीत सांगत सुटायचं. त्या फक्त पान उलटायच्या.

पिऊ मात्र बोलायची नाही. तिचं खरं नाव प्रियदर्शनी. वय सहा. तिचे वडील कृष्णात निपाणीकडचे. शहराबाहेरच्या होसकोट्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते बायको-मुलीला घेऊन बंगळुरात आले होते. होसकोट्यात खोली मिळेपर्यंत याच घराच्या वरच्या मजल्यावर मेहुण्याकडं राहत होते. गाव सुटल्यापासून पोरीची वाचाच बसली होती.

"काय करायचं ओ काकू," तिची आई पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "घरात बी बोलंना. शाळेतल्या बाईंनी तर डाक्टरकडं न्या म्हणून सांगितलंय."

"बसू दे इथं. बोलली तर बोलली," वसुमतीबाई म्हणाल्या.

पिऊ तीन-चार शनिवार गप्प बसून राहिली. मग एकदा हरवलेल्या शेळीचं पुस्तक निघालं. एक मुलगी शेळी शोधत गावभर फिरते, एवढीच त्यात गोष्ट. मधल्या एका पानावर मातीचं घर होतं. दार बंद, खिडकी उघडी, खिडकीत काळोख. मुलं शेळी शोधण्यात गर्क होती. पिऊ गुडघ्यांवर रांगत पुढं आली आणि तिनं खिडकीवर बोट ठेवलं.

"ही बाई का उभारलीया?"

मुलं शेळी सोडून तिच्याकडं बघायला लागली. ही बोलते हेच मुलांना नवीन होतं.

"कुठली बाई, पुट्टी?" वसुमतीबाईंनी विचारलं. लहान पोरींना त्या लाडानं पुट्टीच म्हणत.

"ही. पाठ करून उभारलीया ती."

खिडकीत काळा रंग होता, दुसरं काही नव्हतं. पण पोर बोलली या आनंदात वसुमतीबाईंनी मान डोलावली. "असेल हं. काही काम असेल तिचं," म्हणाल्या आणि पान उलटलं.

पुढच्या शनिवारी ती बाई दुसऱ्या पुस्तकात निघाली. ते हत्तीच्या पिल्लाचं होतं. त्यात घर नव्हतं की खिडकी नव्हती. पिऊनं बांबूच्या बेटामागं बोट दाखवलं. त्यानंतरच्या पुस्तकात ती बाजारात होती, चादरींच्या ढिगापलीकडं. नेहमी पाठमोरी, नेहमी एकटी. पण पिऊच्या सांगण्यावरून, दर वेळी थोडी मोठी, म्हणजे थोडी जवळ आलेली.

वसुमतीबाईंचे यजमान गुरुराज हे ऐकून हसले. "अगं, मुलांना ढगात घोडे दिसतात. तू पण ना."

"अहो, घोडे दर वेळी वेगळे दिसतात," त्या म्हणाल्या. "हिला एकच बाई दिसते."

मनाची खात्री करावी म्हणून त्या शहरातल्या शिवाजीनगरला गेल्या आणि ओळखीच्या दुकानातून एक नवं कोरं पुस्तक घेऊन आल्या. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. शनिवारी पिऊ दारातून आत आली, चपला काढल्या, टेबलावरच्या त्या बंद पुस्तकाकडं पाहिलं आणि म्हणाली, "आज ती पाण्यापाशी हाय."

वसुमतीबाईंनी प्लास्टिक फाडलं. त्यांनीही ते पुस्तक अजून पाहिलं नव्हतं. पानं उलटत गेल्या. शेवटाकडं दोन्ही पानं भरून एक तळं होतं, हिरवंगार, काठावर कुणी नसलेलं.

"हीच जागा," पिऊ म्हणाली. "हात मागं बांधल्यात तिनं. लाल लुगडं हाय. आणि हे बोट वाकडं हाय तिचं." तिनं आपल्या डाव्या हाताची करंगळी धरून बाहेरच्या बाजूला वाकवून दाखवली.

वसुमतीबाईंच्या हातातून पुस्तक निसटलं.

ती करंगळी त्यांनी पाहिली होती. साठ वर्षांपूर्वी, चामराजपेटेतल्या भाड्याच्या घरात. वडिलांच्या दूरच्या नात्यातली एक विधवा बाई तेव्हा त्यांच्याकडं राहायची. स्वयंपाक करायची, पाणी भरायची, मुलं सांभाळायची. सगळे तिला अक्का म्हणत. तेव्हा घरात मुलांसाठी पुस्तकं कुठली? अक्का न्हाणीघराबाहेरच्या ओल आलेल्या भिंतीसमोर मुलांना बसवायची. भिंतीवर ओलीचे डाग पसरलेले असत. त्या डागांवरून वाकडी करंगळी फिरवत ती गोष्ट सांगायची. हा डोंगर, ही म्हातारी, हा पळाला बघा कोल्हा. एके दिवशी तिनं एक गोष्ट अर्धी सोडली. राहिलेली उद्या सांगते म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का घरात नव्हती. काशीला गेली, असं वसुमतीला सांगण्यात आलं. ती काही परत आली नाही.

वसुमतीबाईंनी स्वतःला सावरलं. बाकीच्या मुलांना माठातलं पाणी प्यायला पाठवलं आणि पिऊला जवळ घेतलं.

"ती बाई तुझ्याशी बोलते?"

"गोष्ट सांगती. पाठ करूनच."

"कुठली गोष्ट? मला सांगशील?"

पिऊनं सांगायला सुरुवात केली. एक मुलगी तळ्यावर पाणी भरायला जाते. वाकून बघते तर पाण्यात उलटं गाव. तिथली मुलगी हिला म्हणते, संध्याकाळपर्यंत तू खाली ये, मी वर जाते. दोघी जागा बदलतात. अक्कानं गोष्ट सोडली होती ती इथंच. वसुमतीबाईंनी ती आजवर कुणालाही सांगितली नव्हती. स्वतःच्या मुलाला नाही, सुनेला नाही. शेवटच ठाऊक नसलेली गोष्ट सांगायची कशी?

पिऊ मात्र थांबली नाही.

"मग सांज झाली. वर आलेली परत गेलीच न्हाई. तिला ऊन आवडलं. खालची वाट बघत राहिली. कुणीतरी हाक मारली तर तिला वर येता येतं. पण हाक कोण मारणार? तिचं नाव वरची घेऊन गेली की."

"मग?"

"मग काय न्हाई. अजून खालीच हाय," पिऊ म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "मला म्हणती, संध्याकाळपतुर तू ये."

वसुमतीबाईंनी त्याच दिवशी पिऊच्या आईला बोलावून घेतलं. काय सांगावं हे त्यांना कळेना. "पोरीवर लक्ष ठेवा. पाण्याजवळ जाऊ देऊ नका," एवढंच कसंबसं बोलल्या. आईनं त्यांच्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं आणि मुलीला घट्ट धरून नेलं.

तरी जे व्हायचं ते झालंच. मंगळवारी भर दुपारी आई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि पिऊ घरातून नाहीशी झाली. आईची हाकाटी ऐकून वसुमतीबाई बाहेर आल्या. कुठं जायचं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. चार गल्ल्या सोडून एक केरे होतं. जलपर्णीनं भरलेलं, भोवती तारेचं कुंपण घातलेलं तळं. गुडघे दुखत असतानाही त्या धावल्या. कुंपणाला एका ठिकाणी भगदाड होतं. आत, काठावर, पिऊ ओणवी होऊन बसली होती. जलपर्णी तेवढ्याच जागी बाजूला सरली होती आणि तिथलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. पिऊचं नाक पाण्याला टेकायला आलं होतं.

मागून आलेल्या आईनं तिला कमरेला धरून ओढलं. पोर रडली नाही, दचकली नाही. नुसती म्हणाली, "हळू. ती बोलतीया."

घरी येऊन वसुमतीबाईंनी गुरुराजांना सगळं सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला.

"वसू, त्या अक्कांचं नाव काय होतं?"

नाव वसुमतीबाईंना माहीतच नव्हतं. घरात कुणी ते घेतलंच नव्हतं.

मल्लेश्वरात त्यांचे चुलतभाऊ आप्पाजी राहत. पंच्याऐंशीच्या घरातले, कानांनी अधू, पण जुनं सगळं लख्ख आठवणारे. वसुमतीबाईंनी त्यांना फोन लावला.

"अण्णा, आपल्याकडं अक्का होती ना, पाणी भरायची, तिचं नाव काय?"

आप्पाजींनी प्रश्न दोनदा विचारून घेतला.

"अंबूबाई," आप्पाजी म्हणाले. "माझ्या मुंजीत सगळ्या बायकांना नाव घेऊन बोलावलं, तिला कुणी बोलावलं नाही. तेव्हा मागच्या दारी मला म्हणाली होती, मला नाव आहे रे आप्पा. अंबू माझं नाव. पण आज कशाला विचारतेस?"

"ती काशीला गेली होती ना?"

"कसली काशी! पाणी भरायला गेली ती गेली. घागर तेवढी तळ्याच्या काठी सापडली. बोभाटा नको म्हणून मोठ्यांनी ती आणली, चिंचेनं घासली आणि फळीवर ठेवली. त्याच घागरीतलं पाणी प्यायलो की आपण, तू, मी, सगळे."

वसुमतीबाईंनी फोन खाली ठेवला. लहानपणीच्या त्या पितळी घागरीतल्या पाण्याची चव आता जिभेवर येतेय असं त्यांना वाटलं. त्या न्हाणीघरात जाऊन चूळ भरून आल्या, पुन्हा भरून आल्या.

मग त्यांनी पिऊला आणि तिच्या आईला खाली बोलावलं. पिऊला मांडीवर घेतलं आणि तळ्याचं पान उघडलं.

"कुठं आहे गं ती?"

"हे काय, एवढी जवळ तर हाय." पिऊनं पानाच्या अगदी खालच्या कडेला बोट ठेवलं. बाई आता पुस्तक धरणाऱ्यांच्या पुढ्यातच उभी असल्यासारखी.

नोकरीत हजारो नावं वसुमतीबाईंनी तारेवरून पुकारली होती. हे एक नाव ओठांवर यायला वेळ लागला.

"अंबूबाई," त्या म्हणाल्या. "अंबूबाई, मी वसू. पोरीला नेऊ नका. तिची आई इथं बसलीय."

पंखा फिरत होता. पिऊची आई पदर तोंडात धरून बसली होती. पिऊ पानाकडं एकटक पाहत होती. मग तिचं अंग एकाएकी ताठ झालं.

"वळली," ती पुटपुटली.

"काय म्हणते?"

"काय न्हाई. तुमच्याकडं बघतीया." आणि थोड्या वेळानं, "भिजलीया ती, काकू. लई भिजलीया."

वसुमतीबाईंना पानावर फक्त हिरवं पाणी दिसत होतं. तरी त्या तिकडंच पाहत राहिल्या, डोळे भरून येईपर्यंत. शेवटी पिऊनं जांभई दिली, मांडीवरून उतरली आणि आईला म्हणाली, "भूक लागली."

त्यानंतर ती बाई पिऊला कुठल्याच पुस्तकात दिसली नाही.

पितृपक्ष जवळ आला होता. वसुमतीबाई घरचे पुरोहित भीमाचार्य यांच्याकडं गेल्या. तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्रीला करतात, ते करायचं म्हणाल्या. गुरुराज दर्भ हातात घेऊन बसायला तयार होते. सर्वपित्रीच्या दिवशी आचार्यांनी नाव विचारलं. वसुमतीबाईंनी ते ठणठणीत आवाजात सांगितलं. गोत्र माहीत नव्हतं.

"सरी, ठीक आहे, काश्यप म्हणूया. नातं काय?"

दूरची, आश्रित, घरात कामाला असलेली, असे सगळे शब्द वसुमतीबाईंच्या मनात येऊन गेले. "तिनं मला गोष्टी ऐकायला शिकवलं," त्या म्हणाल्या.

"मग गुरूंच्या रांगेत घालू," आचार्य म्हणाले आणि त्यांनी तीळ हातात घेतले.

दसऱ्यानंतर कृष्णातला होसकोट्यात खोली मिळाली आणि बिऱ्हाड तिकडं गेलं. पिऊची आई अधूनमधून फोन करते. पोरगी आता वर्गात इतकी बडबडते की बाईंनी तिला दोनदा बाकावर उभं केलं, असं मागच्या खेपेला सांगत होती. सांगताना हसत होती. फोनमध्ये मागून पिऊचा आवाज येत होता, शेजारच्या पोरांशी मोठमोठ्यानं भांडत असलेला. वसुमतीबाई तो आवाज ऐकत बसल्या. पिऊच्या आईचं बोलणं संपलं, "ठेवू का काकू?" असं तिनं विचारलं.

"स्वल्प थांब," त्या म्हणाल्या. "फोन चालू राहू दे."

खाली मुलं जमली होती आणि कपाट उघडण्यावरून त्यांचा गलका सुरू झाला होता.