अभ्यास कोण घेतं?

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार काशिनाथ म्हात्रे यांचे आहेत. ते माझे वडील. पेणच्या एका गणपती कारखान्यात ते वर्षानुवर्षे घासकाम करत आले आहेत. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायची, मगच ती रंगाऱ्याकडे जाते. बाबांना अक्षरओळख नाही.

संध्याकाळी ते लहान मूर्ती घरी आणून घासत बसायचे आणि मला समोर बसवायचे. “मोठ्यानं वाच रे. माझे हात कामात हायेत, कान मोकळे हायेत.” मी अडखळलो की मान वर न करता म्हणायचे, “परत. ओरखडा राह्यला तर रंग बसत नाय.” एकदा गणित टाळायला मी जुनाच नदीचा धडा वाचू लागलो. त्यांनी हातातली मूर्ती खाली ठेवली. “ही नदी परवाच समुद्राला मिळाली ना? आज परत उलटी आली काय?”

मी नववीत असताना शाळेने पालकसभा बोलावली, ती नेमकी गणपतीच्या आधी, कारखान्याच्या ऐन गर्दीत. मालक चिडले, “म्हात्रे, गणपती थांबणार हायेत काय?” बाबा म्हणाले, “नाय थांबणार. पन पोरगा बी दरसाल नववीत नाय बसणार.” आणि ते तसेच शाळेत आले. भुवयांवर पांढरी भुकटी, धुवायचीही राहिलेली.

आम्ही मुले भिंतीला टेकून उभी होतो. सरांनी विचारले, “घरी मुलांचा अभ्यास कोण घेतं?” कुणी शिकवणीचे नाव सांगितले, कुणी मोठ्या भावाचे. बाबा उठून उभे राहिले.

“मी घेतो.”

“तुमचं शिक्षण?”

“शाळेत गेलो नाय गुरुजी. पन ह्याचा अभ्यास रोज मीच घेतो.”

सगळे हसले. सर हसत माझ्याकडे वळले. “काय रे म्हात्रे, खरं का?”

माझे मित्र माझ्याकडे पाहत होते. मीही हसलो आणि म्हणालो, “नाही सर. ते नुसते बसतात.”

पुन्हा हशा झाला. बाबा खाली बसले.

त्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे मूर्ती घेऊन आले. “वाच. मी नुसता बसलोय,” म्हणाले. तो टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी मी दोनदा अडखळलो. त्यांनी “परत” म्हटले नाही. त्यानंतर कधीच म्हटले नाही. मात्र बसायचे त्यांनी एकही दिवस चुकवले नाही.

मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. रोह्याला कंपनीत लागलो, नदीच्या पुलापलीकडे अष्टमी गावात बिऱ्हाड केले. मागच्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत बाईंनी तोच प्रश्न मला विचारला. मी शिफ्टचे कारण सांगितले. मग त्यांनी विचारले, “सध्या तिचा कोणता धडा चालू आहे, माहीत आहे का?” मला माहीत नव्हते. मुलगी शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, तिने मला सांभाळून घेतले.

पेण इथून काही लांब नाही. पण समोर जाऊन बोलायचे धैर्य झाले नाही. मी कारखान्याच्या पत्त्यावर पत्र टाकले.

“तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र घरी न पाठवता मुद्दाम कारखान्यात पाठवत आहे. रंगाऱ्यांपैकी कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि सगळे जेवायला बसलेले असताना, मोठ्याने. तुम्हांला संकोच वाटेल. तरी वाचू द्या. नववीत असताना मी चारचौघांत बोललो होतो, म्हणून हेही चारचौघांत वाचले जावे.

मी सरांना खोटे सांगितले. माझा अभ्यास तुम्ही घेत होतात.

आपला,
अनंत”